पाचव्या छिद्रातलं मेण

१२ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू उलटं ऐकतोस, म्हणून हे पत्र. कानाला यंत्र लाव म्हणून आई तुझ्यामागे हात धुऊन लागली आहे ते उगाच नाही. दिवसभर इस्पितळात लोकांचे कान तपासायचे आणि सख्खा भाऊ मात्र ठार बहिरा, तिने चारचौघांत तोंड कुठे लपवावं?

बातमी अशी की मला माझं वाद्य सापडलं! गेलं वर्षभर मी ‘जुन्या काळी लाकडी बासरी नेमकी कशी वाजवत’ असं लोकांना सांगत फिरतेय, आणि माझ्याकडे पुस्तकांशिवाय काहीच नव्हतं. गेल्या सोमवारी आमच्या संगीत महाविद्यालयाच्या तळघरातलं एक कपाट संग्रहाच्या बाईंनी माझ्यासाठी उघडलं. तळघर म्हणजे दमट, अंधारं असं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. पांढऱ्या भिंती, सपाट दिवे, हवा कोरडी ठेवणारं एक घुंघुं करणारं यंत्र, आणि हातमोजे घातल्याशिवाय शिंकायचीही चोरी. त्या कपाटात खालच्या खणात, काही तुटक्या बासऱ्यांशेजारी ती होती. काळपट लाकूड, सहा छिद्रं, शेपटाकडे एक पितळी चावी. दोनशे वर्षांपूर्वीची तरी असेल.

तू दिलेलं भिंग लावून मी ती पाहिली. (हो, तेच भिंग, जे कपाळाला बांधून तू आयुष्यभर लोकांच्या दाढांत डोकावलास.) आणि मामा, पाचव्या छिद्रात मेण आहे! आतल्या कडेला नीट, पातळ, गोलाकार लावलेलं. छिद्र लहान केलं की त्यातून निघणारा सूर खाली येतो. हा सूर म्हणजे त्या बासरीचा गंधार. बाईंनी मोजणीपुरती फुंकायची परवानगी दिली तेव्हा ऐकला मी. आजच्या पियानोला लावून पाहिलास तर उतरलेला वाटेल. पण कुणीतरी तो मुद्दाम, विचार करून उतरवलाय. म्हणजे त्या काळी वाजवणारे स्वतःच्या हाताने, मेणाने गंधार खाली आणत होते. कुठल्या पुस्तकात हे असं सापडणार होतं?

मेण फिकट गुलाबी आहे. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, इतक्या वर्षांत रंग पालटला असेल. आणि सगळ्यात भारी गोष्ट शेवटी ठेवली होती. मेण जिथे छिद्राच्या बाहेर आलंय तिथे बोटाने दाबलंय आणि त्यावर ठसा आहे. बारीक बोट, बहुधा कोवळ्या वयाचा कुणी. ठशाच्या मधोमध आडवी रेघ, जुन्या जखमेची असावी. ठसा अजून स्वच्छ आहे, याचा अर्थ मेण लावल्यावर ती बासरी फार वाजली नाही. तो गेला असेल का रे? की सोडलं त्याने? मी त्या ठशाचा मोठा फोटो काढून टेबलावर लावलाय. सकाळी आले की आधी त्याच्याकडे बघते.

आता प्रबंधाचं हे प्रकरण लिहायचं, फेब्रुवारीच्या शेवटी परीक्षकांपुढे मांडायचं. त्यांना पटलं तर पुढची तीन वर्षं संग्रहात जागा मिळेल. नाही पटलं तर आईने बघून ठेवलेली शाळेतली नोकरी आहेच. इथले लाकूड कातणारे कातारीकाका मला वाजवायला या बासरीची नक्कल करून देतायत. पाचवं छिद्र तेवढं शेवटी पाडणार आहेत, माझ्या मापाने.

आईला फोनवर सांगितलं. म्हणाली, “बरं. जेवलीस का?”

तुझी,
शिट्टी


१९ जानेवारी

प्रिय शिट्टी,

पत्र मिळालं. वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. तुझा आनंद इतका उतू जात होता की माझा चहा निवला तरी कळलं नाही. तुला लहानपणी सगळे ‘शिट्टी वाजवू नकोस’ म्हणून ओरडायचे, तेव्हा मी एकटाच म्हणायचो की वाजवू दे, समोरचे दोन दात पडलेत तोवर आवाज झकास येतो. माझं श्रेय लक्षात असू दे.

आता म्हाताऱ्याच्या काही शंका. बासरीच्या तोंडाकडच्या भागाला चीर आहे का? असली तर ती दोऱ्याने आवळून बांधली आहे का? उगाच आपलं विचारतो. संग्रहात ती कुठून आली, काही कळतं का?

आणि एक कर. ते मेण कसलं आहे, ते आधी कुणाकडून तरी तपासून घे. आम्ही दातवाले मेणाच्या बाबतीत जरा संशयी असतो. काळाने मेण गुलाबी होतं असं काही मी ऐकलेलं नाही. अर्थात हल्ली मला काहीच ऐकू येत नाही, हा भाग वेगळा.

प्रकरण लिहायची घाई करू नकोस. आईवर रागावू नकोस. ‘जेवलीस का’ हे तिच्या तोंडून बऱ्याच गोष्टींच्या बदली येतं.

तुझा,
दातपाड्या मामा


२७ जानेवारी

प्रिय मामा,

चीर आहे! दोराही आहे, हिरवा! तू घरबसल्या ओळखलंस कसं? लाकूड म्हटलं की चीर आणि चीर म्हटली की दोरा, असंच ना? मी बाईंना सांगितलं, आमच्याकडे एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना वाद्यांची नाडी कळते. बासरी कुठून आली ते मात्र कळत नाही. कार्डावर नुसतं ‘एका हितचिंतकाकडून’ असं लिहिलंय.

तपासणीचं म्हणशील तर नाही करायची मला. त्यासाठी मेण खरवडावं लागतं आणि ठशाला धक्का लागेल. सरांनीही विचारलं होतं. मी म्हटलं, सर, परीक्षेनंतर करू. ते हो म्हणाले, पण चेहऱ्यावरून फारसे खूश दिसले नाहीत. तू आणि ते एकाच माळेचे मणी. मामा, मी त्याला खरवडू देणार नाही. माझा माणूस आहे तो. परवा प्रकरण लिहिताना मी एक आख्खं पान त्याच्यावर लिहिलं. लहान हाताचा, काटेकोर, आणि कान इतका तयार की जरासा चढा सूरही त्याला सोसवेना. सरांनी पानावर लिहिलं, ‘ही कादंबरी नव्हे’. मी ते पान काढलं पण फाडलं नाही.

आईशी भांडण झालं. मी फक्त म्हटलं की प्रकरण मांडेन त्या दिवशी ये. तिला ही इमारत दाखवायची होती. ती म्हणाली, “मी त्या इमारतीत येणार नाही.” मी म्हटलं, का? तर म्हणे, “गाण्यात कान लागतो, आणि कान नसला की लोक हसतात. नोकरीचा अर्ज भरून ठेव.” म्हणजे मला कान नाही असं तिला वाटतं! सगळ्या जगाचे कान तपासून आल्यावर तिचा हा निकाल. मी फोन ठेवला. मग बराच वेळ रडले, तुला म्हणून सांगते.

तुझी,
शिट्टी


३१ जानेवारी

चिमे,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस, बस आधी.

पोरीला तुझी बासरी सापडली आहे. नानांनी भंगारवाल्याच्या दुकानातून आणलेली, हिरव्या दोऱ्याने बांधलेली, तीच. तू ती पेटीत टाकून दिल्यावर नानांनी ती परस्पर महाविद्यालयाला दिली होती, नाव न लिहिता. मला माहीत होतं. तुझ्यापुढे विषय काढायची सोय नव्हती म्हणून बोललो नाही.

पाचव्या भोकातलं मेण अजून जागेवर आहे. दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला असताना मी तुला माझ्या पेटीतली गुलाबी मेणाची कांडी दिली होती, कवळीचे साचे करायला आम्ही वापरायचो ती. पोरीला वाटतंय ते दोनशे वर्षांपूर्वीचं. तुझ्या बोटाचा ठसा तिने फोटो काढून टेबलावर लावलाय. रोज सकाळी आधी त्याचं दर्शन घेते. डबा उघडताना पत्र्याने कापलं होतं, ती रेघसुद्धा दिसते म्हणे. ज्या बोटाला धरून ती चालायला शिकली ते तिला ओळखू आलं नाही. हसावं की रडावं कळत नाही मला.

पण हसण्यासारखं नाही. फेब्रुवारीअखेरीस ती परीक्षकांपुढे हे सगळं मांडणार. त्यांच्यातल्या कुणी ते मेण तपासायला पाठवलं की दुसऱ्या दिवशी कळेल ते दातांच्या दुकानातलं आहे. तिची जागा जाईल आणि वर नावही जाईल. मी आडून आडून सांगून पाहिलं, तिच्या डोक्यावरून गेलं. तुला मी शब्द दिलाय, त्या दिवसाबद्दल कुणापाशी बोलणार नाही असा. तू मला त्यातून मोकळं कर. किंवा तूच सांग, ते जास्त बरं.

दादा


४ फेब्रुवारी

दादा,

यंत्र लावलंस का?

नाही, सांगू नकोस. मोकळं करत नाही.

तुला वाटतं मला लाज वाटते म्हणून. ते आहेच. पण तेवढंच नाही. त्या दिवशी प्रवेशाच्या चाचणीला समोर कोण कोण बसलं होतं ते मला अजून दिसतं. पियानोवाल्याने मला मध्येच थांबवलं आणि गंधाराची एकच पट्टी पुन्हापुन्हा दाबून विचारलं, “हा सूर ऐकू येतो का तुला?” मी म्हटलं, येतो. “मग वाजवत का नाहीस?” मागच्या बाकांवरची मुलं हसली. मला खरंच कळेना काय चुकलं. नाना घरी खालचा सा गळ्यातून धरायचे, त्यावर माझा गंधार इतका गोड बसायचा की नाना डोळे मिटायचे. मेण न लावता वाजवला की तो खुपायचा मला, म्हणून तर तुझ्याकडे मेण मागितलं. त्या दिवशी सकाळीही पुन्हा दाबून बसवलं होतं. मग समजलं की चुकत होता तो माझा कानच. नानांनी मुलीच्या मायेपोटी डोळे मिटले असतील.

आज मी काचेच्या खोलीत माणसं बसवते आणि त्यांना दिवसभर तेच विचारते, ऐकू येतं का, आलं तर बोट वर करा. कुणाला नाही आलं तरी हसत नाही. एवढंच मी त्यातून घेतलं.

कान आईकडून येतो असं लोक म्हणतात. परीक्षेच्या तोंडावर मी तिला सांगू की बाई, तुझ्या आईला कान नव्हता, ज्याचं तू कौतुक करतेस ते एका बेसूर मुलीचं काम आहे? मग ती प्रत्येक सुराला घाबरेल. मी घाबरत होते तशी. त्यापेक्षा तिने नोकरी धरावी.

तुला काय करायचं ते मेणाबद्दल कर, माझं नाव नको.

खरंच अजून पडलं नाही का ते?

चिमी


७ फेब्रुवारी

शिट्टी,

या पत्रात विनोद नाही. मी आज माझ्या बहिणीला दिलेला शब्द मोडतोय, आणि ती माझ्याशी काही महिने बोलणार नाही. तसंही मला ऐकू येत नाही. हा विनोद नव्हता, सवयीने आला.

ते मेण माझं आहे. दातांच्या शिक्षणात आम्हाला मिळायचं, पातळ गुलाबी पट्ट्या आणि कांड्या. तसं मेण दोनशे वर्षांपूर्वी कुणाकडे असणं शक्य नाही. तू ते कुणाही दातवाल्याला दाखव, तो वासावरून सांगेल. बासरी आपल्या घरातली आहे, तुझ्या आजोबांनी आणलेली. हिरवा दोरा त्यांनी बांधला, मी टोक धरलं होतं.

आणि ज्याच्यावर तू एक पान लिहिलंस तो ‘तो’ नाही, ती आहे. तुझी आई. सतरा वर्षांची होती. तुमच्याच महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या चाचणीला गेली, गंधार उतरलेला म्हणून भर सभेत तिला हसले, आणि तिने बासरी पेटीत ठेवली ती कायमची. तुझ्या बाबांनाही हे माहीत नाही. तिला वाटतं तिला कान नाही. ‘गाण्यात कान लागतो’ हे ती तुला नाही, स्वतःला म्हणत होती.

तुझं प्रकरण मी बुडवलं, हे मला समजतं. पण परक्याने बुडवण्यापेक्षा घरच्याने बरं. रागाव माझ्यावर. तिच्यावर मात्र नको.

मामा


१६ फेब्रुवारी

मामा,

रागावले आहे. तुझ्यावर, तिच्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. पहिल्याच पत्रात सरळ का नाही सांगितलंस? ‘आम्ही दातवाले संशयी असतो’! मी ते वाचून हसले होते.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तळघरात गेलेच नाही. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दातांच्या दवाखान्यात गेले आणि तिथल्या बाईंकडे मेणाची पट्टी मागितली. त्यांनी एक तुकडा दिला, वर विचारलं, दात दुखतोय का. तो फोटोशेजारी धरला. रंगात तसूभर फरक नव्हता.

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं, फक्त ती माझी आई आहे एवढं नाही सांगितलं. ‘ओळखीतल्या एकीचं’ म्हटलं. मला वाटलं ते आता दार दाखवतील. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “तुम्ही येऊन सांगितलंत, आम्हाला शोधावं लागलं नाही. हे मी परीक्षकांना सांगेन.” महिन्याअखेरचं मांडणं रद्द झालं. मेपर्यंत नवं प्रकरण आणलं तर बघू, म्हणाले. नवं कुठून आणू? माझ्याकडे होतं ते सगळं त्या मेणाच्या कडीवर उभं होतं.

आणखी एक. संग्रहाच्या बाई म्हणतात, मेण जर अलीकडचं असेल तर तो मळ ठरतो. नियमाप्रमाणे काढून वाद्य साफ करावं लागेल. कातारीकाका विचारतायत, पाचव्या छिद्राचं माप कुठलं देऊ, मेणासकट की मेणाशिवाय? मी त्यांना थांबायला सांगितलंय.

मी आईला फोन केला नाही. काय बोलू? फोटो मात्र टेबलावरून काढवत नाही. आता त्याच्याकडे बघितलं की मला सतरा वर्षांची मुलगी दिसते, आणि तिच्यामागे हसणारी मुलं. मला त्या मुलांचा गळा धरावासा वाटतो.

शिट्टी


१ मार्च

प्रिय आई,

मामाने सगळं सांगितलं, तुझं त्याला आलेलं पत्रही पाठवलं. त्याच्यावर रागावू नकोस, किंवा रागाव, पण थोडंच. हे मला फोनवर बोलता आलं नसतं. तू ‘जेवलीस का’ म्हणाली असतीस आणि मी हो म्हणून गप्प बसले असते.

मी जेवले. आता ऐक.

मेण काढायचं ठरलं म्हणून बाईंनी मला आधी सगळी मापं घ्यायला सांगितलं. भिंगातून बघताना मेणाची कड जिथे जरा उचललेली आहे तिथे आतलं लाकूड दिसलं. त्यावर कानशीचे ओरखडे आहेत. म्हणजे ते छिद्र कुणीतरी नंतर घासून मोठं केलंय. नानांनी नव्हे, ओरखडे फार जुने आहेत, त्यांच्यात मळ बसून काळा पडलाय. बासरी भंगारात येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी तिचा सूर आजच्या पियानोसारखा चढवायला गेलं होतं.

मग मला खणात पडलेल्या तुटक्या बासऱ्या आठवल्या. तुझ्या बासरीवर आहे त्याच कारागिराचा शिक्का असलेल्या. कुणाचं तोंड नाही, कुणाचं शेपूट नाही, फुंकता येत नाहीत म्हणून मी त्यांच्याकडे आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला फक्त वाजणारं वाद्य हवं होतं ना! पण फुंकता नाही आलं तरी छिद्र मोजता येतं. ज्यांचा मधला भाग शाबूत आहे अशा सगळ्यांचं पाचवं छिद्र मी मोजलं. ती कुणी घासलेली नाहीत, कारागिराने पाडली तशीच आहेत. सगळी लहान. आणि आई, तुझं मेण लावलेलं छिद्र त्यांच्याइतकंच आहे. फरक केसाएवढा. मी पुन्हा मोजलं, बाईंकडून मोजून घेतलं, सरांना खाली बोलावलं. सर गुडघ्यावर बसून भिंगातून बघत होते.

तू माप बघितलं नव्हतंस. तुझ्याकडे दुसरी बासरी नव्हती, पुस्तक नव्हतं. नाना खालचा सा धरायचे आणि तू ऐकून ऐकून मेण लावत गेलीस, आणि बरोबर तिथे थांबलीस जिथे तो कारागीर थांबला होता. नानांच्या गळ्याबरोबर जो गंधार गोड बसायचा तोच त्या बासरीचा खरा गंधार आहे. पियानोचा गंधार मुळात जरा चढा ठेवलेला असतो, सगळ्या पट्ट्यांत वाजवता यावं म्हणून केलेली ती तडजोड आहे. त्या दिवशी त्या खोलीत ऐकू येत होतं ते एकट्या तुला. नानांनी मायेने नाही मिटले डोळे.

मी माझं नवं प्रकरण यावर लिहितेय. कारागिराने काय केलं, नंतरच्यांनी काय बिघडवलं, आणि कानाने काय शोधता येतं. तुझं नाव तू म्हणशील तरच घालेन. सरांना मी सांगितलं, ती माझी आई आहे. ते म्हणाले, “मग तुम्हाला तपासणीची गरज नव्हती, घरी विचारायचं होतं.” पहिल्यांदाच त्यांना हसताना पाहिलं.

मेणाबद्दल मी बाईंशी भांडतेय. त्यांचा नियम त्यांच्या जागी बरोबर आहे, तरी मला ते काढू द्यायचं नाही. कातारीकाकांना या आठवड्यात माप द्यायचंय. सोबत ठशाचा फोटो पाठवतेय. मी या बोटाला धरून शाळेत गेले आणि मला ओळखता आलं नाही. मला माफ कर. तुला कान नाही असं तू माझ्यासमोर पुन्हा कधी म्हणू नकोस.

तुझी,
शिट्टी


९ मार्च

शिट्टी,

पत्र मिळालं. फोटो स्वयंपाकघरात लावायचा होता, पण तुझे बाबा विचारतील हे कुणाचं बोट, म्हणून आधी त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “इतकी वर्षं मला वाटायचं मी अंघोळ करताना बेसूर गातो म्हणून तू तोंड वाकडं करतेस.” मी म्हटलं, ते त्यासाठीच. मग ते बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसले.

तुझं पत्र मी कामावरही नेलं होतं. काचेच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मी बटण दाबलं आणि पुढचं दाबायला विसरले. ते बिचारे बाहेर येऊन म्हणाले, बाई, मला आता काहीच ऐकू येत नाही. मी त्यांना सांगितलं, तुमचं नाही, माझं चुकलं. आणि मला एकदम रडू आलं. त्यांनीच मला पाणी आणून दिलं.

मी रडले ते दुःखाने नव्हे. मला त्या सतरा वर्षांच्या मुलीची दया आली. तिने घरी जाऊन नानांना एवढंच विचारलं असतं, तुम्ही खरंच डोळे मिटत होतात का, तर त्यांनी सांगितलं असतं. तिने विचारलंच नाही. तू विचारतेस, भांडतेस, फोन आपटतेस. तेच बरं आहे. शाळेचा तो अर्ज फाडून टाक.

बाईंशी भांडू नकोस. मेण काढू दे. ते कशासाठी होतं ते तुला कळलं, मला कळलं, आता तिथे ते नसलं तरी चालेल. नाव घालायचं तर घाल, पण ‘बेसूर’ हा शब्द तळटीपेतसुद्धा नको.

दादाशी मी अजून बोलत नाही. तो येत्या गुरुवारी यंत्र बसवून घ्यायला माझ्याकडे येतोय. तोवर त्याला घाबरू दे.

कातारीकाकांना माप दिलं नसशील तर थांब. कागदावरचं माप देऊ नकोस. मी शनिवारी येते. ती इमारत कुठे आहे मला ठाऊक आहे, घ्यायला यायची गरज नाही. त्यांना म्हणावं, पाचवं छिद्र आधी बारीक पाडा आणि मग थोडं थोडं मोठं करत जा. तुझ्या सरांना खालचा सा धरायला सांग, गळ्यातून, पियानो नको. तू फुंकत राहा. मी तुमच्याकडे पाठ करून बसते, आमच्याकडे माणसांना बसवतो तशी. बरोबर आला की बोट वर करीन.

तुझी आई